दौलतगीरचा पोपट आणि भांगेचं बी

ही गोष्ट दर वेळी मलाच का सांगायला लावता, कळत नाही. चार बुकं शिकलेले बसलेत की इथं. पण ते सांगताना बुवाच्या शिव्या गाळतात, आणि मग उरतो नुसता चोथा. बसा आता. मधे कुणी खोकायचं नाही.

"...म्हणजे पाखरांना भांग चारता, हे खरं तर?"

सुंदरगीर गोसाव्यानं टेकडी चढून आल्या आल्या हेच विचारलं. वहाणा काढल्या नाहीत, पाया पडला नाही. वास्तविक याच झुंबरगीर बुवानं त्याला मंत्र दिलेला. पण आता खालच्या मठातला दौलतगीर महंत थकला होता. त्यानं सुंदरला सांगितलं होतं, या कागदावर बुवाचा अंगठा आण, गादी तुझी.

कागदात दोनच ओळी. पाखरांचा दाणा आजपासून बंद. दाणा टाकला तर झोपडी सोडीन.

बुवा उकिडवा बसून खडकावर बी पसरत होता. भोवती होले, चिमण्या, मुनिया.

"भांग नाही. भांगेचं बी."

"एकच ते."

"आंबा आणि कोय एकच का रे, टोणग्या?"

"महंत भंडाऱ्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, झुंबरगीर भंगड आहे आणि पाखरांनाही भंगड करतोय. तलफेनं येतात ती."

"टेकडीचं गवत कुणी पेटवलं?"

सुंदरनं खाली मठाकडं पाहिलं. मठानंच पेटवलं होतं, साप निघतात म्हणून.

"गवताबरोबर त्यांचा दाणा जळाला. वर ही पौषाची थंडी. या बियात तेल असतं, म्हणून जगतात. दौलतगीरच्या पोपटाला काय घालता?"

"...हेच."

"वा रे! पिंजऱ्यातल्यानं खाल्लं की दाणा, मोकळ्यानं खाल्लं की भांग."

सुंदरनं कागद पुढं केला. "अंगठा द्या. नाहीतर उद्या माणसं आणून झोपडी उपटतो."

"उपट. मी खडकावर बसेन. खडक उपटायला किती माणसं लागतील, विचारून ये."

सुंदर हलला नाही. तेव्हा बुवानं मूठभर बी त्याच्यापुढं धरलं.

"खा. चढली तर अंगठा देतो."

सुंदरनं कुडुमकुडुम चावून सगळं खाल्लं, आणि चढायची वाट बघत खडकाला टेकून बसला.

ऊन वर आलं. त्याचे कान तापले. मग समोरचा मठ हलायला लागला, मग टेकडी. तो उठायला गेला, झोक गेला, एक वहाण निसटून उतारावर गेली.

"चढली!" तो ओरडला. "बघा, उभं राहवत नाही! आणा अंगठा!"

बुवानं काही वाद घातला नाही. चुलीवरच्या तव्याची काजळी अंगठ्याला फासली. सुंदरनं कागद गुडघ्यावर ताणून धरला.

काळा अंगठा कागदाकडं आला नाही. बाभळीकडं गेला.

"तो होला बघ. दिवस उगवल्यापासून हेच टिपतोय."

बाभळीच्या शेंड्याला, काडीएवढ्या फांदीवर होला बसला होता. वारा सुटलेला. फांदी वरखाली होत होती. होला चोचीनं पंख साफ करत होता.

सुंदर बघत राहिला...

बघता बघता टेकडी जागेवर आली. मठही आला. पाय आपोआप ताठ झाले. तोंड मात्र वर उचलेना.

"मग मला चढलं होतं ते काय, बुवा?"

बुवानं अंगठा अंगावरच्या छाटीला पुसला. सुंदरच्या हातातला गादीचा कागद ओढून घेतला, त्याची पुडी वळली, बियांनी गच्च भरली आणि परत त्याच्याच हातात दिली.

सुंदरनं दुसरी वहाणही काढली. पाया पडला. जाता जाता थबकला.

"महंतांना काय सांगू?"

"पोपटाला यातलं पोटभर घाल म्हणावं. मग पिंजरा उघड. तलफेनं परत आला, तर दोन्ही अंगठे देतो."

"आणि... नाही आला तर?"

"तर टेकडी चढून वर ये म्हणावं. माझी माफी मागायचा राहिलाय अजून, दौलतगीर."