चौथं शील

नदीकाठच्या एका गावातल्या विहारात दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरे. त्या वर्गात उत्पला नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. पंचशील तिला अर्थासकट तोंडपाठ. तालुक्याच्या पठण स्पर्धेसाठी ती महिनाभर झटली होती.

दोन दिवस आधी नियमांचा कागद आला. स्पर्धा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचीच होती. वर्ग घेणारे देवाजीकाका तिला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणी विचारलं तर चौदा सांग. पहिल्या नंबरची ढाल आपल्या विहारात यायला पाहिजे."

मोठ्या माणसाला नाही म्हणवेना. ती मान हलवून घरी आली, पण तिचं डोकं तापलं. पाटी फुटल्यावर एखादं पोर खोटं बोललं, तर हेच काका त्याचा कान पिळत. आणि आता स्वतःच खोटं शिकवत होते. भरसभेत त्यांचं नाव घ्यायचं, असं तिने दात-ओठ खात ठरवलं.

स्पर्धेच्या दिवशी नाव नोंदवणाऱ्या बाईंनी वय विचारलं.

"चौदा," उत्पला म्हणाली. शब्द सहज निघून गेला.

ती मंचावर गेली. तीन शीलं खणखणीत झाली. चौथं आलं, 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहणं, आणि ती थांबली. काकांवर जळफळत आपण इथवर आलो, पण खोटं तर आपणच बोललो. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"माझं वय पंधरा आहे," ती म्हणाली. "मघाशी मी खोटं सांगितलं. मला स्पर्धेतून वगळा."

काकांचं नाव ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

ढाल दुसऱ्या गावाला गेली. परत आल्यावर विहाराच्या दारात काकांनी तिला अडवलं. "विहाराचं नाक कापलंस तू."

"नाक विहाराचं असेल, काका. जीभ माझी आहे. माझं खोटं मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगा, पोरांसमोर."

पुढच्या रविवारी काका वर्गावर आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आले. खाली बघत मुलांना म्हणाले, "उत्पलाला खोटं बोलायला मी सांगितलं होतं."

उत्पलाचा राग तेवढ्याने गेला नाही. पण ती जरा सरकली आणि सतरंजीवर त्यांना बसायला जागा करून दिली.

तात्पर्य: खोटं शिकवणाऱ्याचा राग यावाच, पण शील राखायला सुरुवात करावी ती आपल्याच जिभेपासून.