पहिली हाक

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून कुणी नावंही ठेवली नव्हती तेव्हाची. एका डोंगराच्या कुशीत लहानसं गाव होतं आणि ओढ्यापलीकडे दोन-चार वाड्या. वाटा अवघड, म्हणून बरीचशी बोलणी या अंगावरून त्या अंगाला हाका मारूनच व्हायची.

त्या मुलखाची एक रीत होती. दिवेलागणीला रानातून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो, असं सगळे मानत. भुताला दुसऱ्यांदा ओरडायचा एवढा कंटाळा का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

गावात सगुणा राहायची. तिची धाकटी बहीण येसू पलीकडच्या वाडीत दिलेली. एका पावसाळ्यात येसूची म्हैस सुटली आणि सगुणाची उभी नाचणी फस्त करून गेली. सगुणाचा पारा चढला. "पुन्यांदा माझ्या दारात पाय ठिवू नगंस," असं ती तोडून बोलली. येसू खाली मान घालून निघून गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

सुगी सरली. एका संध्याकाळी धुक्यातून हाक आली, "अक्के गंऽऽ!"

सगुणाची सून दाराशी धावली. "आत्या, येसूमावशी हाय! ओ द्या की."

सगुणानेही आवाज ओळखला होता. तिचे ओठ हललेही. पण राग आडवा आला आणि रागाला ती रीत बरी सापडली.

"पयल्या हाकंला ओ देऊ नये," ती म्हणाली. "माणूस असंल तर मारंल पुन्हा."

ती भाकरी थापत बसली, कान मात्र बाहेर होते. दुसरी हाक आली नाही.

सकाळी येसूचा नवरा आला. "अक्का, येसू काल सांजेला तुमच्याकडंच निघाली व्हती. हिथंच हाय न्हवं?"

सगुणा अनवाणीच धावली. वाटेच्या वळणाखाली, घरापासून अगदी हाकेच्या अंतरावर, येसू सापडली. पाय घसरून ती खाली कोसळली होती आणि तिचा श्वास केव्हाच थांबला होता. शेजारी गाठोडं फुटलं होतं, उतारभर नाचणी सांडली होती. म्हशीने खाल्लेलं ती डोक्यावरून परत आणत होती. एका हाकेपुरताच दम तिच्यात उरला होता.

सगुणा पुढे खूप जगली. रोज दिवेलागणीला ती त्या वळणावर उभी राहायची आणि कुठल्याही आवाजाला, अगदी पाखराच्याही, "ओऽऽ" द्यायची. लोक म्हणत, "अगं, भूत असंल."

"असू दे," ती म्हणायची. "माझी येसूच असंल."

बोध: आपल्या माणसाच्या पहिल्याच हाकेला ओ द्यावी, दुसरी मारायला ते उरेलच असं नाही.