ओठावरचा फोड

“आणि हे ओठावर काय?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. ताप मुतलाय.”

“ताप आला होता?”

“...नाही.”

गैबीबुवांच्या मठात भगवी छाटी मागून मिळत नाही. बुवांपुढं बसायचं आणि आपलं काय सुटलं ते सांगायचं. त्यांना पटलं तर छाटी, नाही पटलं तर झाडू आहेच.

उद्धव खरमाटे त्यासाठीच बसला होता. आधी हा शहरात मोठ्या प्रयोगशाळेत होता. ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूवरच त्यानं डॉक्टरेट मिळवली होती. मठात अंगण झाडायचा, पण असा झाडायचा की बघणाऱ्याला कळावं, कोण झाडतंय ते.

छाटी धुऊन दोरीवर वाळत होती. त्याचं लक्ष अधूनमधून तिकडं जात होतं.

“माझा राग सुटला, बुवा,” तो म्हणाला. “मुळापासून.”

बुवा सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

“आधी फोडाचं सांग.”

शिकलेल्या माणसाला त्याच्या विषयाचं विचारा, तो खुलतो. हाही खुलला.

“हा विषाणू बहुधा लहानपणीच अंगात शिरतो. कानापाशी नसांची गाठ असते, तिथं जाऊन झोपतो. जन्मभर.”

“झोपतो म्हणजे?”

“काही करत नाही. असून नसल्यासारखा. मग कधी ऊन लागतं, कधी मनाला काही लागतं. की हा उठतो, नसेनं ओठावर येतो आणि पेशीत घुसतो. पेशीत विकरं असतात, बुवा. कामकरी म्हणा. कुणी जोडतं, कुणी तोडतं. आम्ही रोगी पेशीतलं त्यांचं काम मोजायचो. पेशी मरायला टेकलेली, आणि एकेका कामकऱ्याचा धडाका मात्र वाढलेला!”

“मरणारीत?”

“हो. नवखा तिथंच फसतो. त्याला वाटतं, पेशी जोमात आहे. तो जोम तिचा नसतोच. घुसलेल्या चोराचा असतो.”

“सगळ्याच रोगांत असं?”

“नाही. काही विषाणू घरच्याच कामकऱ्यांना राबवतात. हा आपले काही बरोबर घेऊन येतो.”

बुवांनी सुपारीचं खांड गालात धरलं.

“आणि औषध?”

उद्धवनं कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून चौथऱ्यावर ठेवली.

“गंमत इथंच आहे. ही गोळी चांगल्या पेशीत जाते आणि नुसती पडून राहते. तिला जागं करतो तो चोराचाच कामकरी. त्यानं हात लावला की गोळीचं विष होतं, आणि चोराचा धंदा बसतो.”

“मग चोर मेला.”

“जागा असलेला. नसेत झोपलेला तसाच राहतो. त्याचा कामकरी कामावरच नाही, तर गोळीला उठवणार कोण?”

एवढं सांगून तो हसला. बुवांना कितपत कळलं, अशी शंका त्या हसण्यात होती.

“चांगलं सांगितलंस,” बुवा म्हणाले. “परवा भंडाऱ्याला आमटी कोण वाढत होतं?”

“मी.”

“पंगतीत किसन होता.”

उद्धवचं हसू गेलं.

किसन त्याचा थोरला भाऊ. खाली गावात सुतारकी करतो. आई वारली तेव्हा उद्धव शहरात होता. बाटल्यांतल्या पेशींवर प्रयोग चाललेला, मधेच सोडून येता येईना. किसननं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि अग्नी दिला. प्रेत ठेवायचं तरी किती? तेव्हापासून उद्धव त्या घराची पायरी चढला नव्हता. मठ त्याच गावच्या टेकडीवर, तरी नाही.

“मी त्याला एक शब्द वाकडा बोललो नाही,” उद्धव म्हणाला. “कुणालाही विचारा. मनात तरंगसुद्धा उठला नाही.”

“वाढलंही नाहीस.”

उद्धवनं गोळ्यांची पट्टी उलटी करून ठेवली.

“त्याच्या अलीकडच्याला वाढलंस. पलीकडच्याला वाढलंस. त्याच्या पत्रावळीवरून बादली पुढं गेली. कोरडा भात खाऊन उठला तो.”

“नजरचूक झाली असेल, बुवा. पंगत मोठी होती.”

“असेल. मग ती ओठाला कुणी सांगितली?”

उद्धवचा हात फोडाकडं गेला आणि तिथंच थांबला.

अडकित्ता पुन्हा सुरू झाला. कट्... कट्...

“थांबायला पाहिजे होतं त्यानं!” उद्धव एकदम ओरडला. शिखरावरची कबुतरं उडाली. “माझीही आई होती ती! एक रात्र थांबला असता तर काय झालं असतं? बर्फाच्या लाद्या मिळत नाहीत का गावात? तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला...!”

अंगणात डाळ निवडणाऱ्या बायांचे हात सुपातच राहिले.



“हा एवढा जोम,” बुवा हळू म्हणाले, “कुणाचा रे?”

उद्धवचे कान लाल झाले होते.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. दोरीवरची छाटी काढली. उद्धवनं मान वाकवली, ओंजळ पुढं केली. शिकलेला असला तरी आशा सुटत नाही.

बुवांनी छाटीची घडी घातली आणि आपल्याच काखेत धरली. कोठीच्या दाराशी पत्रावळींची चवड होती. तिच्यातली वरची एक उचलून त्याच्या ओंजळीत ठेवली.

“किसनकडं जा. त्याच्या ओसरीवर ही मांडून बस. जेवून ये.”

“त्यानं वाढलं नाही तर?”

“बसून राहा.”

उद्धव उठला. गोळ्या चौथऱ्यावर तशाच राहिल्या. दोन पायऱ्या उतरला आणि मागं वळला. पत्रावळ छातीशी धरली होती, लहान पोर पाटी धरतं तशी.

“बुवा, इथं वर माझं मन शांत असतं... तिथं गेलो की सगळं उसळेल.”

बुवांनी सुपारी थुंकली.

“उसळू दे. झोपलेल्याला गोळी लागत नाही. पान तेवढं उचलू नकोस.”