उंबराच्या फांदीवरची सभा

अरण्यांना अजून नावेही पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

एका अरण्यात धनेश पक्ष्यांची वस्ती होती. त्यांची रीत कडक होती. अंडी घालण्याच्या वेळी मादीने झाडाच्या ढोलीत शिरायचे, दार चिखलाने लिंपून घ्यायचे आणि पिल्ले मोठी होईपर्यंत आतच राहायचे. आत तिची पिसे गळून पडत. चोचीपुरती फट तेवढी उघडी असे. नर त्या फटीतून तिला फळे भरवी. मात्र ढोलीत केव्हा जायचे आणि बाहेर केव्हा यायचे, हे उंबराच्या फांदीवर नरांची सभा ठरवी.

एका वर्षी एक धनेशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, यंदा ढोली नको. मागच्या खेपेची पिसं अजून पुरती आली नाहीत. अंगात त्राण नाही."

नवरा दुष्ट नव्हता. तो गोंधळला आणि तिला घेऊन सभेपुढे गेला.

"नुसतं बसायचं तर आहे!" एक म्हातारा धनेश हसला. "उडून उडून पंख मोडतात आमचे, आणि थकतात मात्र या!"

"चारा आणतो, तो ठरवतो," प्रमुखाने निकाल दिला.

"आणि अंडी माझ्या पोटात वाढतात, त्याचं काय?"

"ते तर तुझं कामच आहे, बाई."

ती ढोलीत गेली. नवऱ्याने कष्टांत कसूर केली नाही. पिकली फळे तो निवडून आणी. सभेत त्याचे कौतुक होई.

एके दिवशी फटीतून क्षीण आवाज आला, "दार फोडा हो. मला आतून फोडवत नाही. वारा लागला तर जगेन."

चोच उगारून तो थबकला. "सभेला विचारून येतो," म्हणाला.

सभेने पुष्कळ विचार केला. आज हिच्यासाठी रीत मोडली, तर उद्या बाकीच्या काय मागतील, यावर वाद रंगला. मध्ये उंबरे खाऊन झाली. संमती मिळाली तेव्हा उन्हे कलली होती.

नवऱ्याने दार फोडले. धनेशी अंड्यांवर मान टाकून पडली होती. अंडीही गार झाली होती.

सभा त्याच्या सांत्वनाला जमली. "बिचारा! किती चारा वाहिला यानं!" प्रमुख म्हणाला. "रीत पाळली गेली, कोणाची चूक नाही. पुढच्या वर्षी दुसरी पाहू."

नवऱ्याने मान वर केली. "आत दिवस कसा जातो हो?"

फांदीवर कोणालाच सांगता येईना. ज्यांना ठाऊक होते, त्या साऱ्या ढोल्यांत बंद होत्या.

यातून घ्यायचे ते एवढेच: अपत्य दोघांचे असले, तरी ज्या देहाने ते वाहायचे, त्याला डावलून केलेला निवाडा हा न्याय नव्हे.