रुसकी नदी आणि वेर्बीनोचे भोपळे

एक होती नदी, आणि ती होती भारी रुसकी. कुठे? लांब, युक्रेन नावाच्या देशात. तिथली माती काजळासारखी काळी, बरं का. तिथं वेर्बीनो नावाचं गाव होतं. चाळीस पांढरी घरं, छपरांवर करकोच्यांची घरटी आणि भोवती सूर्यफुलंच सूर्यफुलं.

नदी म्हणजे दोन राज्यांची शीव. पण दरवर्षी बर्फ वितळलं की ती फुगायची, रुसायची आणि बाजू बदलायची. डावीकडून वाहिली की गाव या राजाचं, उजवीकडून वाहिली की त्या राजाचं. म्हातारे पानासआजोबा म्हणायचे, "जन्मलो या राज्यात, लग्न झालं त्या राज्यात, दात पडले ते परत या राज्यात. आणि ओसरीवरून हललो असेन तर शपथ!"

शेवटी दोन्ही राजे वैतागले. हुकूम आला, "नदीला एका जागी बसवा. नाहीतर गाव मोडून निम्मं इकडे, निम्मं तिकडे!"

पानासआजोबांची नात सोलोमिया. तिचं घर या टोकाला, आजोबांचं त्या टोकाला. गाव मोडलं तर दोघं दोन राज्यांत!

मग थंडी सरली. गावानं नदीपुढे पाव आणि मीठ ठेवलं, पाहुण्यांपुढे ठेवतात तसं. नदीनं पाव खाल्ला आणि तोंड फिरवलं.

मग सगळं गाव इर्जिकीला, म्हणजे मिळून काम करायला, जमलं. माती आणि पेंढा पायांनी तुडवून मोठा बांध घातला. नदीनं एकच ढुशी दिली. बांध गेला! घाबरू नका, माणसं काठावर होती.

मग सोलोमिया एकटी काठावर गेली. "नदीबाई, का गं रुसतेस?"

तेवढ्यात शेजारची मोत्रियाकाकू आली. तळघर झाडून गेल्या वर्षीचा मऊ पडलेला भोपळा तिनं पाण्यात टाकला. धप्प!

"बघ!" नदी उसळून म्हणाली. "दरवर्षी तुमच्या दारी येते, मला आपलं म्हणा म्हणते. आणि तुम्ही मला भोपळा देता!"

अगंबाई! त्या गावात काय होतं, मागणी घालायला आलेल्याला नकार द्यायचा असला, तर त्याच्या हातात भोपळा ठेवायचा. आणि होकार असला, तर त्याच्या खांद्यावरून भरतकामाचा लांब पंचा बांधायचा. दरवर्षी गाव तळघरं झाडून जुने भोपळे पाण्यात टाकायचं, आणि नदीला वाटायचं, नकार!

सोलोमिया धावत घरी गेली. तिनं तीन हिवाळे बसून स्वतःच्या लग्नासाठी एक पंचा भरला होता. तोच तिनं आणला.

"अगं, मग तुझ्या लग्नात काय बांधशील?" काकू ओरडली.

"काकू, लग्नाला आधी गाव तर हवं!"

तिनं पंचा पाण्यावर पसरला. नदी लाजली. मग तिनं दोन हात पसरले, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि गावाला घट्ट मिठी मारली. ती पुन्हा हललीच नाही.

मग दोन्ही राजांचे मोजणीदार आले. एक या काठावर थांबला, "आमची हद्द नदीपर्यंत." दुसरा त्या काठावर, "आमचीही नदीपर्यंत." मग मधलं गाव कुणाचं?

पानासआजोबा ओसरीवरून म्हणाले, "आमचं! आणखी कुणाचं?"

मग गावानं आठ दिवस नाच केला. सोलोमियाचा नवा पंचा सगळ्या बायकांनी मिळून भरला. गाव सुखात राहिलं, नदीही. आता डोळे मिटा बरं, करकोचेसुद्धा केव्हाच झोपलेत.