वेसाईच्या दोन ओट्यांची कहाणी

ऐका वेसाई माते, तुमची कहाणी. वर एक नगर होतं, खाली एक नगर होतं, मधे आटपाट नगर होतं. तिथली राणी शेवंता. वरचं नगर तिचं माहेर, तिथं भाऊ राजा. खालच्या नगराच्या राजाला नणंद दिलेली. वरच्या-खालच्यांचं हाडवैर, मधल्यांचं कुणाशीच नाही. का? तर राणीला वेशीच्या देवीचा, वेसाईचा वसा होता. श्रावणातल्या दर शनिवारी वेशीत बसावं, एकाच सुपातून वरच्या नगरातल्या बाईची ओटी भरावी, खालच्या नगरातल्या बाईची भरावी. मूठभर अधिक नाही, मूठभर उणं नाही.

मग वरच्या-खालच्यांचं युद्ध पेटलं. भाऊ राखीला आला. "ताई, यंदा ओवाळणी मीच मागतो. घोड्यांना गवत दे." राणी म्हणाली, "गवतानं काय होतंय?" गवत दिलं. मग भाऊ पुन्हा आला, "घोड्यांना नाल दे." "नालानं काय होतंय?" नाल दिले. मग तिसऱ्यांदा आला, "वेस उघड, फौज नुसती जाईल." "नुसतं जाण्यानं काय होतंय?" वेस उघडली. बायांनो, माहेरचं माणूस मागतं तेव्हा कुणाचा हात आखडतो? पण त्या शनिवारी खालची बाई ओटीला आली नाही, आणि राणीनं का म्हणून विचारलं नाही.

मग खालची फौज वेशीशी आली. "गवत तुमचं, नाल तुमचे, वाट तुमची. मग तुम्ही मधले कसले?" राणीच्या नवऱ्यानं, मधल्या राजानं ढाल-तलवार घेतली. राणी रडू लागली. वेसाई म्हातारी होऊन आली. "का गं रडतेस?" "आजी, मी तर तलवार उचलली नाही!" "सुपाचा हात वाकडा केलास. उतलीस, मातलीस, वसा टाकलास. आता वेस लाव, देणं थांबव, सूप घेऊन अनवाणी नणंदेकडे जा."

राणीनं वेस लावली. भाऊ दुसरी फौज घेऊन आला. "ताई, भावाला वेस बंद?" "भावाला उघडी, फौजेला बंद. तुला वाट देऊन वन्संचं कुंकू पुसू का?" भाऊ रागानं परतला. मग राणी नणंदेच्या दारी गेली. "वन्सं, चुकले मी." ऊन डोक्यावर आलं, राणीचे पाय भाजले. मग नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचं गवत खाऊन घोडे माझ्या शेतात नाचले हो!" म्हणाली, रडली, आणि पदर पसरला. राणीनं ओटी भरली. नणंदेच्या नवऱ्यानं फौज माघारी बोलावली, मधल्या राजानं तलवार खुंटीला लावली. नगर वाचलं.

भाऊ मात्र रुसला. एक राखी चुकली, दुसरी चुकली. तिसरीला पायी आला, तलवार वेशीबाहेर ठेवून पाटावर बसला. नणंदही आलेली होती. तिनं त्याच्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. त्यानं मान खाली घालून खाल्ली, आणि आणखी एक मागितली.

जशी वेसाई शेवंता राणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, दोन्हीकडची माणसं एका पंगतीला बसोत. साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगितली, ती फळाला येवो, इथं संपूर्ण होवो.