हैबतीने आणलेली शिलाई मशीन

एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की कुणी त्याला "जरा थांब" म्हणालं, तर "आता जा" म्हणेपर्यंत तो तिथेच थांबायचा.

त्याची बायको मैना ही मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची लेक. भाचीचं लग्न ठरलं तसं तिने मनात घेतलं, की नवरीची चोळी आपणच शिवायची. घरात मशीन नव्हती. नवीपेक्षा जुनी मशीन दमाची, असं वडिलांकडून ती ऐकत आली होती. तालुक्याच्या जुन्या बाजारात कादरभाईंकडे तशी एक आली होती म्हणे. खरंच जुनी आहे का, ते तिच्या पितळी पट्टीवरच्या नंबरावरून कळणार होतं. मैनेने पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला सांगितलं, "तेवढा नंबर घेऊन या."

हैबती पेचकस घेऊन गेला आणि पट्टी खिशात घालून परत आला.

नंबर बघून मैना खूश झाली. मशीन तिच्या आजीच्या वयाची होती. पट्टी बघून मात्र तिने कपाळाला हात लावला. "अहो, असं सुटं काढून आणायचं नसतं. आणायचं ते अख्खं आणायचं."

हैबतीला पटलं. दुसऱ्या दिवशी तो हातगाडी घेऊन गेला. कादरभाईंनी सौदा केला, मशीन गाडीवर चढवून घ्या म्हणाले आणि नमाजाला गेले. मशिनीवर त्यांचा जेवणाचा डबा होता, अर्धा प्यालेला चहा होता, खाली पायाला शेळी बांधलेली होती. हैबतीने सगळं अख्खं आणलं. चहा सांडू नये म्हणून वाटभर तो हळू चालला.

संध्याकाळी कादरभाई डबा आणि शेळी न्यायला आले. चहा तेवढा नको म्हणाले.

मैनेने त्यांची माफी मागितली. मग नवऱ्याला समजावलं, की मशिनीवर जे काही असेल ते आधी काढून टाकायचं. उरेल ती आपली मशीन. एवढं सांगून ती दळण आणायला गेली.

मशीन काळीभोर होती आणि तिच्यावर सोनेरी मोर होते. हैबतीने विटेची पूड घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि घाम निथळेपर्यंत घासलं. मैना आली तेव्हा मशीन पातेल्यासारखी चकचकत होती.

"वरचं सगळं काढलं," तो म्हणाला. "एक मोर फार चिवट होता."

मोर होता त्या जागेवरून मैनेने बोट फिरवलं. असल्या नक्षीवरून तिचे वडील मशीन कुठली ते लांबूनच ओळखायचे. डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, जुन्या मशिनीला जुन्या माणसासारखं जपायचं. अडली, करकरली, तर घासायचं नाही. तोंडात दोन थेंब तेल सोडायचं आणि गप बसायचं. अडलेलं आपोआप सुटतं."

तिने तसं करून दाखवलं. थोड्या वेळाने मशिनीचं अडलेलं चाक सुटलं. चोळी वेळेत झाली आणि भाचीच्या अंगाला बेतशीर बसली. हैबतीने मात्र तेलाची कुपी खिशात ठेवली. लग्नघरात जुनी माणसं पुष्कळ असतात.

मांडव भरला. अंतरपाट धरला. सगळ्यांच्या हातात अक्षता. गुरुजी फार म्हातारे होते. मंगलाष्टकं म्हणता म्हणता त्यांनी वरचा सूर लावला आणि गळा अडला. नुसती करकर ऐकू येऊ लागली. तोंड उघडंच.

हैबती उठला. शांतपणे पुढे गेला, गुरुजींच्या तोंडात दोन थेंब सोडले आणि जागेवर येऊन बसला.

गुरुजी सुटले. आधी बोहल्यावरून, मग मांडवातून, मग वेशीतून.

अंतरपाट धरणारे धरूनच उभे राहिले. नवरा इकडे, नवरी तिकडे, लग्न मधेच. मैनेने वळून नवऱ्याकडे बघितलं.

हैबती सांगितल्याप्रमाणे गप बसला होता.